तारीख बरोबर आहे

"कार्डकाका, तुमच्या मेलेल्या माणसाचा फोन आलाय," निवेदिका दारातूनच म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. "वर येता, की मी सांगू, नंतर फोन करा म्हणून?"

कार्डकाकांनी चहाचा कप खाली ठेवला. रेडिओ केंद्राच्या तळमजल्यावरच्या या खोलीत त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. आजच्या तारखेला कोणता गवई जन्मला, कोणता वादक गेला, कोणाची पहिली रेकॉर्ड निघाली, हे हुडकून सकाळच्या सातच्या कार्यक्रमासाठी लिहून द्यायचं आणि सोबत लावायची रेकॉर्ड काढून द्यायची, एवढंच त्यांचं काम. खोलीत कपाटं दोन. डावीकडे जन्माची कार्डं, उजवीकडे मृत्यूची. माणूस गेला की काका त्याचं कार्ड डावीकडून काढायचे, कोपरा काळ्या शाईने रंगवायचे आणि उजवीकडे लावायचे. या कामाला ते दुसऱ्या कोणाचा हात लागू देत नसत. केंद्रातले लोक येताजाता चेष्टा करायचे, "काका, आमच्यावर नजर ठेवू नका हं."

तो कार्यक्रम आज शेवटचा झाला होता. तसा हुकूम आठवड्यापूर्वीच आला होता. उद्यापासून त्या वेळेत लावायच्या गाण्यांची यादी संगणक काढणार होता आणि यादीत फक्त मोठी नावं असणार होती. मोठ्यांची काकांना चिंता नव्हती. त्यांचा जीव अडकला होता तो मागच्या रांगेत बसून वाजवणाऱ्यांत, ज्यांचं नाव वर्षातून एकदा, तेही याच दहा मिनिटांत घेतलं जायचं.

"मी क्लॅरिनेट वाजवायचो," फोनवरचा आवाज थकलेला होता, पण रागावलेला नव्हता. "सकाळी तुम्ही सांगितलंत, मला जाऊन आज वर्ष झालं. तर मी आहे अजून. उद्या तेवढं सांगून टाका, म्हणजे झालं."

"सांगतो मास्तर. उद्या सकाळी नक्की सांगतो," काका बोलून गेले. एकतीस वर्षांची सवय! चूक झाली की दुसऱ्या दिवशी सातला दुरुस्ती, हा त्यांचा शिरस्ता होता. फोन खाली ठेवला आणि मग त्यांच्या लक्षात आलं. उद्याचे सात आता त्यांचे नव्हते.

खाली येऊन त्यांनी उजवीकडचं कार्ड काढलं. मागे वर्तमानपत्राचं कात्रण टाचलेलं होतं. नवरा-बायकोचा फोटो, त्याखाली मास्तरांचं नाव, त्यांचं वाद्य, तारीख, आणि स्तंभ संपला तिथे काकांनी नेहमीप्रमाणे सरळ रेषेत कात्री चालवलेली. काकांनी ग्रंथालयातून वर्षभरापूर्वीचा तो अंक मागवला. बातमी शेजारच्या स्तंभात पुढे चालू होती. '...यांच्या पत्नीचे अल्प आजाराने निधन झाले.' काकांनी कात्रण त्या अंकाशेजारी धरून पाहिलं. हजारो कात्रणं कापली त्यांनी, आणि त्या सरळ रेषेचा त्यांना केवढा अभिमान होता!

काका वर केंद्राच्या साहेबांकडे गेले. साहेब त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण माणूस वाईट नव्हता.

"काका, कार्यक्रमच नाही तर दुरुस्ती कुठे सांगायची?"

"बातम्यांच्या आधी साहेब. एक वाक्य. मी लिहून देतो."

"कोण आहेत हे? नाव ऐकलेलं नाही मी."

"म्हणून तर. दुसरं कोण सांगणार त्यांचं?"

"लेखी तक्रार येऊ दे, मग वर पाठवू." साहेबांनी काखा वर केल्या. मग काकांचा चेहरा बघून हळूच म्हणाले, "एवढं मनाला लावून घेऊ नका. कोण ऐकतं हो सकाळी सातला?"

फोन करून 'जमत नाही' म्हणायला काकांची जीभ उचलेना. बातमीत पत्ता होता. दुपारी ते कार्ड खिशात घालून निघाले.

तीन जिने चढून त्यांनी घंटा वाजवली. दार लगेच उघडलं, जणू माणूस दारामागेच उभा होता. मास्तर उंच आणि वाळलेले होते, पण अंगात इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत दाढी. बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून पाच खुर्च्या ओळीने मांडलेल्या. टेबलावर पाण्याचा तांब्या, पालथे पेले. टेलिफोन लांब वायरीने ओढून मधल्या खुर्चीशेजारी आणून ठेवला होता.

"मी केंद्रातून आलोय. ती कार्डं माझ्याकडे असतात," काका म्हणाले. "चूक माझी आहे."

"अच्छा, तुम्ही." मास्तरांचा चेहरा जरासा उतरला. "बसा, बसा. मला वाटलं..." त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि पाणी ओतलं.

काकांनी कात्रण दाखवलं, कात्री कुठे चालली तेही दाखवलं, आणि कार्ड उजवीकडच्या, मृत्यूच्या कपाटात कसं गेलं ते सांगितलं. मास्तरांनी चष्मा लावून फोटो पाहिला.

"तारीख बरोबर आहे तुमची," ते म्हणाले. "माणूस तेवढा चुकला."

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मास्तर, त्या दुरुस्तीचं सांगायला आलो होतो. तसं आहे की..."

"तेच म्हणणार होतो. नकोच ती दुरुस्ती."

"म्हणजे?"

"सकाळी ऐकलं तेव्हा आधी हसूच आलं. म्हटलं, आता फोन येतील. कोणीतरी धावत येईल. मला बघून चपापेल. मग सगळे मिळून हसू." त्यांनी खुर्च्यांकडे हात केला. "पस्तीस जणांच्या वाद्यवृंदात होतो मी. अकरा जण शिकून गेले माझ्याकडे. या जिन्यावर सहा बिऱ्हाडं आहेत, सगळ्यांकडे रेडिओ."

"आणि मुलंबाळं?"

"एक मुलगा आहे, तो लांब असतो. तिकडे हे केंद्र लागत नाही." ते थोडं थांबले. "दुपारपर्यंत फोन वाजला नाही. एकदा वाजला, तो चुकून लागलेला. मग मी म्हटलं, बरोबरच आहे. मेलेल्या माणसाला कोण कशाला फोन करेल? पण उद्या तुम्ही सांगितलंत, हा जिवंत आहे, आणि परवाही कोणी आलं नाही, तर मी काय कारण सांगू स्वतःला?"

काकांची नजर त्या पाच खुर्च्यांवरून फिरली.

"राहू द्या मला उजवीकडे," मास्तर म्हणाले. "जन्मतारीख माझी मलाच ठाऊक नाही, मग जिवंतपणी एकदा तरी घेतलं होतं का नाव? आता निदान दर वर्षी या तारखेला घ्याल. तिचाही दिवस आहे, दोघांचं एकदमच होईल. घ्याल ना?"

आता सांगायलाच हवं होतं. कार्यक्रम बंद झालाय, कपाटं महिनाअखेर गोदामात जायची आहेत, हे सगळं काकांच्या ओठावर आलं होतं. मास्तर उत्तराची वाट बघत होते, सकाळपासून बघत असतील तसेच.

"घेऊ," काका म्हणाले. "न घेऊन कसं चालेल?"

"मग एक करा. आज माझ्या रेकॉर्डची जी बाजू लावलीत ती बरी नव्हती. सर्दी झाली होती मला ती वाजवली तेव्हा. मागची बाजू लावा. तिच्यात दमसास बघा माझा." मास्तरांनी ताठ बसून छाती भरून श्वास घेतला, पण तो मध्येच तुटला आणि खोकल्यात गेला. खोकला थांबल्यावर त्यांनी कार्डाकडे बोट केलं. "लिहून ठेवा. नाहीतर विसराल."

काकांनी खिशातलं पेन काढलं. कार्ड गुडघ्यावर धरून, एकतीस वर्षांच्या वळणदार अक्षरात त्यांनी सावकाश लिहिलं, 'पुढील वर्षी मागची बाजू लावावी.' खाली सही केली, तारीख घातली, आणि मास्तर बघत होते म्हणून शाई वाळेपर्यंत कार्ड हातात धरून बसले.