पाव्हण्याला बांधतीस व्हय?

मी एक जुना सीटबेल्ट आहे, मित्रांनो. महागड्या गाडीच्या मागच्या सीटवरचा. म्हणजे महाग, पण बिनकामाचा.

माझ्या जन्माआधी श्रीमंतांच्या गाड्या आतून फार देखण्या असत. चकाकतं लाकूड, टोकदार बटणं, छातीवर रोखलेला स्टिअरिंगचा लोखंडी दांडा. त्या देखणेपणावर आपटून माणसं मरत. मग लाकडाच्या जागी मऊ गादी आली, बटणं आत दबली, दांडा धडकेत दुमडू लागला, डोक्यामागं उशी आली, शेवटी एअरबॅग आल्या. गाडीतल्या प्रत्येक मऊ वस्तूमागं कुणाचं तरी मोडलेलं हाड आहे. मीही त्यातलाच. कारखान्यात मला ओढून-ताणून, पारखून पाठवलं.

अणदूरच्या बलभीमरावांनी गाडी घेतली आणि आधी मखमली कव्हरं चढवली. माझं बक्कल त्याखाली गाडलं गेलं. पुढचे बेल्ट लावले नाहीत तर गाडी किंचाळते, म्हणून त्यांना किंमत. मी पडलो मुका.

एकदा बलभीमराव व्याह्यांना, रामहरींना, सोलापूरला सोडायला निघाले. सून निकिता मागं बसलेल्या आपल्या वडिलांसाठी कव्हराखाली हात घालून माझं बक्कल शोधू लागली.

"अप्पा, बेल्ट लावल्याबिगर जायचं न्हाय."

बलभीमराव भडकले. "पाव्हण्याला बांधतीस व्हय? बैल हायत का ते?"

रामहरी लेकीला म्हणाले, "ऱ्हाऊ दे बाई. इवाई नाराज व्हतेत."

हमरस्त्यावर उसाची ट्रॉली अचानक आडवी आली. पुढं एअरबॅग उघडल्या, बलभीमरावांना खरचटलंसुद्धा नाही. रामहरी पुढच्या सीटवर आदळले. मी त्यांच्या खांद्याशी लटकत होतो, रिकामा.

दवाखान्यात त्यांना मानेपासून कमरेपर्यंत पट्ट्यांनी बांधलं. तेव्हा मात्र कुणाचाच अपमान झाला नाही! ते वाचले. पण लेकीनं मागून हाक मारली, तर अजून मान वळत नाही.

गाडी दुरुस्त होऊन आली, नवी कव्हरं घालून. निकितानं कात्री घेतली आणि मागचं कव्हर टराटरा फाडलं. मग स्वतः चालवायला बसली.

"मामा, बेल्ट."

मागं बसलेले बलभीमराव म्हणाले, "मला कशाला? म्या तर घरचा मानूस."

निकितानं गाडी बंद केली. "मग घरीच बसा."

बलभीमरावांनी मला खांद्यावरून ओढलं. माझं बक्कल खटकन लागलं.

मित्रांनो, पाहुण्याला पाणी विचारा, चहा विचारा. पण गाडीत बसवल्यावर मला लावायचं का, हे विचारू नका. लावा!