हायवेकाठचं अरण्य

रोवेना श्राडर एकटीच अरण्यात राहायला जाणार ही बातमी गावभर झाली, ती तिच्याच जिभेच्या कृपेने.

चर्चमधलं रविवारचं सहभोजन चाललं होतं. तिची नणंद कोरली नुकतीच अलास्काला जाऊन आली होती आणि फोनवरचे फोटो एकेकाच्या नाकाखाली धरत होती. हिमनदी आणि कोरली, अस्वल आणि कोरली, नुसतीच कोरली. बटाट्याचं सॅलड वाढून घेता घेता रोवेना म्हणाली, "मी पण जाणारेय पुढच्या महिन्यात. रानात. दोन-तीन दिवस, एकटी."

वाक्य तोंडातून बाहेर पडेपर्यंत तिला स्वतःलाही या बेताचा पत्ता नव्हता.

"आणि आमचा मर्ल?" कोरलीनं विचारलं.

"तुझा भाऊ त्याची खुर्ची सोडून येतोय होय? न्यायचा तर खुर्चीसकट न्यावा लागेल."

टेबलाभोवतीचे सगळे हसले. मर्लही हसला आणि पुन्हा मक्याच्या कणसाकडे वळला.

"फोन तरी लागेल का गं तिकडे?"

"रानात कसला आलाय फोन," रोवेना म्हणाली. तिचं सगळं आयुष्य दातांच्या दवाखान्यात फोन उचलण्यात गेलं होतं, त्यामुळे हे वाक्य तिला फार आवडलं. तिनं ते त्या दुपारी आणखी चार जणांना ऐकवलं.

मग अरण्य शोधायची वेळ आली. रोवेनाच्या अटी फार नव्हत्या. अस्वलं नकोत, न्हाणीघरात गरम पाणी हवं, आणि जिवाला काही झालंच तर तासाभरात घरी पोचता यावं. एवढ्या अटी घातल्यावर अमेरिकेतलं अरण्य आक्रसत आक्रसत आयोवातल्या ऑटर बेंड नावाच्या स्टेट पार्कवर येऊन ठेपलं. 'नदीकाठची रम्य जागा, झाडांची सावली' असं संकेतस्थळावर लिहिलं होतं. नकाशात हिरवा ठिपका होता, त्याला लागून निळी रेघ, आणि निळीला लागून एक जाड करडी रेघ. करडी रेघ म्हणजे खडकाळ काठ असणार, असं तिनं ठरवून टाकलं.

शुक्रवारी दुपारी ती पोचली. नदी होती. सावलीही होती. आणि नदीच्या पलीकडे, उंच भरावावर, चौपदरी हायवे होता. ट्रकांमागून ट्रक धडधडत चालले होते. संकेतस्थळावर खोटं एक अक्षर नव्हतं, फक्त एक गोष्ट सांगायची राहिली होती.

शेजारच्या जागेत एक म्हातारी बाई आपल्या ट्रेलरपुढे खुर्ची टाकून विणत बसली होती. व्हर्ना गुंडरसन तिचं नाव. ती ओरडून म्हणाली, "पहिल्यांदाच आलीस का पोरी?"

"काय?"

"पहिल्यांदाच का?"

"हो," रोवेना ओरडली. "जरा शांतता हवी होती."

व्हर्नानं हायवेकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं आणि पुढचा टाका घातला. "मिळेल हो. कान सरावतात."

तसंच गाडीत बसून परत फिरावं, असं रोवेनाच्या मनात येऊन गेलं. पण शुक्रवारी दुपारी गेलेली बाई शुक्रवारी संध्याकाळी घरी आली, तर कोरलीला वर्षभराची चंगळ. पदरी पडलं आणि पवित्र झालं, असं म्हणून तिनं तंबू उलगडला. लहानपणी गर्ल स्काउटात तिनं एकदा तंबू लावला होता, पण तो चर्चच्या तळघरात, वारा नसताना. हा तंबू तिसऱ्या खटपटीला उभा राहिला, तोही गुत्त्यातून बाहेर पडलेल्या माणसासारखा एका अंगाला कलून.

"पडेल का हो?" तिनं व्हर्नाला विचारलं.

"तू आत असलीस तर नाही पडायचा."

ती आत बसली. अरण्यात बसून काय करतात, याचा विचार तिनं केला नव्हता. तिनं फोन काढून पत्त्यांचा खेळ लावला. तेवढ्यात फोनच वाजला. मर्ल होता. सवयीनं तिचा हात हिरव्या बटणापर्यंत गेला आणि "नमस्कार, दवाखाना" ओठांवर आलं, तेव्हा आठवलं की आपण रानात आहोत आणि रानात फोन नसतो. गरम बटाट्यासारखा तो फोन या हातातून त्या हातात करत ती तो वाजायचा थांबेपर्यंत बसून राहिली.

मर्लनं निरोप ठेवला होता. तिनं तो कानाशी धरून, दुसऱ्या कानात बोट घालून ऐकला.

"रोवेना, मांजराची गोळी कुठे ठेवलीस? अरे हो, तुला कुठे ऐकू येणारेय. येताना ऐकशील." इथे फोन ठेवायला हवा होता. मर्ल फोनवर तार पाठवल्यासारखा बोलायचा, शब्दाला पैसे पडत असल्यासारखा. पण त्यानं ठेवला नाही. थोडा वेळ त्याचा श्वास ऐकू आला. "घर फार शांत आहे," तो म्हणाला, आणि मग ठेवला.

गोळी फ्रिजच्या दारात, लोण्याच्या कप्प्यात होती. एका वाक्याचं काम. पण फोन केला तर अरण्य संपलं. मांजराची तब्येत आणि स्वतःची इभ्रत यांच्यात रोवेनानं इभ्रत निवडली. तिला शरम वाटली, पण फोन उचलण्याइतकी नाही.

जेवायच्या वेळी दुसरा निरोप आला. "गोळी सापडली. मांजर चावलं. तू करून ठेवलेलं कॅसरोल थंडच खाल्लं." पुन्हा श्वास. "आपली टेस कॉलेजला गेल्यापासून तू स्वयंपाकघरात रेडिओ चालू ठेवतेस. मला वाटायचं तुला गाणी आवडतात. आज मीच लावला तेव्हा कळलं, कशाला लावतेस ते."

रोवेनानं हा निरोप परत ऐकला. मग व्हर्ना बघते आहे असं वाटून तिनं उगाच नदीकडे पाहिलं, जणू तिथे काही दुर्मीळ पक्षी आला होता.

तिसरा निरोप शनिवारी सकाळी आला, ती शेगडीवर सॉसेज भाजत असताना. "मी काय म्हणतो, गराजमध्ये नाताळच्या खोक्यामागे दोन स्लीपिंग बॅगा आहेत. जोडल्या की एक होते, तशातल्या. मार्चमध्ये आणल्या होत्या. कुठेतरी जाऊ या का, असं विचारणार होतो. मग तू चर्चमध्ये ते बोललीस. सगळे हसले. मग राहिलंच. आता हे का सांगतोय कोण जाणे. मशिनशी बोलायला सोपं जातं."

सॉसेजचे कोळसे झाले. ते तसेच ठेवून रोवेना बाकावर बसली. तो विनोद तिला आठवला. त्याच्यावर सगळ्यांत मोठ्यानं आपणच हसलो होतो, तेही आठवलं. मग तिनं फोन लावला.

"रोवेना?" मर्ल घाबरला होता. "काय झालं? अस्वल?"

"अस्वलबिस्वल काही नाही."

"मग फोन कसा लागला?"

खरं बोलायचं ठरवूनच तिनं फोन केला होता, पण जीभ जुन्या वळणानं गेली. "इथे एक टेकडी आहे. तिच्यावर चढून लावलाय."

"आयोवाच्या सपाटीत?"

तेवढ्यात पलीकडून एका ट्रकनं लांबलचक भोंगा वाजवला.

"हे काय वाजलं?"

"नदी."

"नदीला भोंगा असतो?"

रोवेनानं डोळे मिटले. "मर्ल, मी ऑटर बेंडला आहे. हायवेच्या शेजारी. इथे फोनला घरच्यापेक्षा चांगली रेंज आहे."

पलीकडे घरघर सुरू झाली, आणि मर्ल हसतोय हे कळायला तिला जरा वेळ लागला. मर्ल रस्तेदुरुस्तीवर होता, हिवाळ्यात बर्फ उपसायचा आणि उन्हाळ्यात खड्डे बुजवायचा. "तो पट्टा माझाच आहे गं," तो म्हणाला. "डांबर घालताना खाली ते तंबू दिसतात. मी आणि कामावरची पोरं दरवर्षी म्हणतो, कोण हे येडे, इथे पैसे देऊन झोपायला येतात."

"एक तर कळली."

"हो."

"मर्ल, तुझे निरोप मी ऐकले."

हसणं थांबलं. "सगळे?"

"सगळे. आले तसे."

"म्हणजे काल गोळीचं विचारलं, तेव्हा तू ऐकत होतीस?"

"हो."

"माझं बोट फोडलं त्या मांजरानं."

"माहितेय. चुकलं माझं. त्या बॅगा घेऊन ये. आणि तू ये."

दुपारी मर्लचा पिकअप आला, तेव्हा व्हर्नानं विणकाम खाली ठेवलं. मागच्या हौद्यात, दोरखंडानं करकचून बांधलेली, दिवाणखान्यातली तपकिरी खुर्ची होती. पाय ठेवायच्या फळीसकट.

"खुर्चीसकट म्हणाली होतीस ना," मर्ल खाली उतरून म्हणाला. तो हसत नव्हता, आणि रुसलेलाही दिसत नव्हता. रोवेनानं एका बाजूनं खुर्ची धरली, त्यानं दुसऱ्या बाजूनं, आणि दोघांनी ती नदीकाठच्या चिखलात नेऊन टेकवली. मग त्यानं तिलाच तीत बसवलं आणि स्वतः बर्फाच्या डब्यावर बसला.

बोलायचं बरंच होतं, पण हायवेनं हळू बोलायची सोय ठेवली नव्हती.

"मला वाटलं, तुला यायचंच नसेल," रोवेना ओरडली.

"मला वाटलं, तुला मी नकोच आहे," मर्ल ओरडला.

"नको कसा असशील?"

"मग विचारलं का नाहीस?"

"कोरलीसमोर मोठेपणा मारायचा होता म्हणून. आणि तू काहीच बोलत नाहीस म्हणून."

"बोललो की. मशिनला."

"मला सांगायचं होतंस."

"काय?"

"मला," रोवेना घसा फाटेस्तोवर ओरडली, आणि नेमका तेव्हाच रस्ता क्षणभर रिकामा झाला. तिचा आवाज सगळ्या पार्कभर घुमला. तीन जागा सोडून मासे गळाला लावणारा एक माणूस वळून बघू लागला.

व्हर्ना आपल्या खुर्चीतून म्हणाली, "बाई गं, त्यानं बॅगा आणल्यात का ते आधी बघ. बाकीचं मग ऐकतो आम्ही."

बॅगा त्यानं आणल्या होत्या. कलत्या तंबूत गुडघ्यांवर बसून दोघं त्या जोडायला लागले. बराच वेळ झटापट झाल्यावर कळलं, की दोन्हींच्या चेन एकाच बाजूला आहेत. त्या जन्मात जुळणाऱ्या नव्हत्या.

"दुकानदार म्हणाला होता, जुळतात," मर्ल म्हणाला.

"तू बघून घ्यायचं ना."

"बघितलं. रंग बघितला."

रोवेनाला हसू आवरेना. स्वतः करड्या रेघेला खडक समजून आलेल्या बाईनं नवऱ्याला काय बोलावं? "एक खाली घालू, एक वर घेऊ," ती म्हणाली.

जेवणानंतरची सुस्ती होती. दोघं आडवे झाले. मर्ल छताकडे बघत होता, आणि पलीकडून एकेक ट्रक गेला की तंबूचं कापड थरथरत होतं.

"मर्ल, झोप लागेल का तुला या आवाजात?"

तो केव्हाच झोपला होता, मांजरानं फोडलेलं बोट तिच्या मनगटावर ठेवून. तिला उठून शेगडी धुवायची होती, पण हात हलवला असता तर तो जागा झाला असता, म्हणून ती तशीच पडून राहिली.