घडी मोडलेला दुपट्टा

जळगाव जामोदच्या बसस्टँडसमोरच्या गल्लीत वाहेदचं शिलाईचं दुकान आहे. त्या दुकानात बसून या माणसानं ऐन उमेदीची वर्षं एका भलत्याच नादात घालवली. दारू-जुगाराचा नाद असता तर निदान गावात सोबत तरी मिळाली असती. वाहेदला कबड्डी बघणाऱ्यांसाठी कपडा बनवायचा होता. खेळणाऱ्यांचे बनियन तो शिवतच होता, नंबर लावून, काखेत दुहेरी शिलाई मारून. पण बघणाऱ्यांना काय लागतं? घसा लागतो, फार तर खिशात शेंगदाणे. असं सगळं गाव म्हणायचं, आणि वाहेद मान डोलावून पुन्हा कापड बेतायला बसायचा.

याचं मूळ एका फोटोत होतं. गावाचा संघ, नाव ‘पायथा’, एकदा संग्रामपूरची स्पर्धा जिंकला आणि पेपरच्या जिल्हा पानावर फोटो आला. पुढे धुळीनं माखलेली पोरं, मागे अख्खं गाव ओरडतंय. वाहेद फोटो बघून हरखला, आणि मग त्याचा चेहरा उतरला. मागच्या सगळ्या गावाच्या छातीवर गुलाबरावांचा हात जोडलेला फोटो होता. गुलाबराव म्हणजे तालुक्यातले पुढारी. मनानं वाईट नाहीत, पण कुठं चार माणसं जमली की टी-शर्ट वाटल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्या दिवशी मैदानाच्या दारातच त्यांनी सगळ्यांना फुकट टी-शर्ट घातले होते.

“पाह्यलं का सर,” वाहेद पेपर घेऊन रमाकांत सरांकडे गेला. रमाकांत सर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. संघ त्यांनीच उभा केला होता, डोंगराच्या पायथ्याचं गाव म्हणून नावही त्यांनीच ठेवलं होतं. “जिंकले आपले पोट्टे, अन् फोटोत दिसून राह्यले गुलाबराव.”

“मंग काय कराचं म्हनता, वाहेदभाई?”

“लोकाईच्या अंगावर आपलं काहीतरी पायजे. फुकटचं नाई. त्याईनं सोताहून घेतलेलं.”

सर हसले नाहीत. पुढची सगळी वर्षं वाहेदला एवढा आधार पुरला.

पहिल्या वर्षी त्यानं टी-शर्टवर वाघ छापला. जिल्ह्यात वाघ कुठं नाही? व्यायामशाळेवर आहे, चहाच्या टपरीवर आहे, मिरवणुकीच्या बॅनरवर आहे. लोकांनी विचारलं, कोणत्या पार्टीचा? मग त्यानं वाघ काढला आणि नुसता रंग ठेवला, तर रंगानं जास्त छळलं. हिरवा केला, तर लोक हसून म्हणाले, वाहेदभाई, हा तुमच्या मोहल्ल्यापुरता ठेवा. भगवा केला, तर मोहल्ल्यातले म्हणाले, काय बे, फिरला का? निळा जयंतीचा, पिवळा भंडाऱ्याचा, पांढरा पुढाऱ्यांचा. आपल्याकडे देवानं रंग सात केले आणि माणसांनी ते केव्हाच वाटून घेतले, हे वाहेदला रंगाऱ्याकडे दहा हेलपाटे घातल्यावर समजलं. शेवटी त्याला एकच बेवारस रंग सापडला, मातकट. कबड्डीच्या मैदानाचा. तो कोणीच मागितला नव्हता, कारण त्यात कोणी उठून दिसत नाही.

घरी लेक सफा आणि बायको बिलकिस होती. घरात बोलणं उर्दूत चालायचं, पण टोमणा मारायचा झाला की ती थेट माहेरच्या वऱ्हाडीवर यायची. “सफाचे अब्बा, हा रंग तर मळला तरी समजत नाई.”

“मंग बरंच हाय ना!”

“हाव. घेतला तरी समजत नाई, नाई घेतला तरी समजत नाई.”

तरी दुपारच्याला मशीनवर पाय चालवून त्याच्या मालाला काठ तीच लावायची. तिचा हात वाहेदपेक्षा सफाईदार होता, आणि हे दोघांनाही माहीत होतं.

टी-शर्ट म्हाताऱ्या माणसांना नको होते, तेव्हा वाहेद दुपट्ट्यावर आला. खांद्यावर टाकायचा सुती दुपट्टा आमच्या भागात लहानथोर सगळेच वापरतात. घाम पुसा, ऊन लागलं तर डोक्याला गुंडाळा, बसायला अंथरा. मातकट दुपट्टा, गडद काठ, कोपऱ्यात भरतकामात ‘पायथा’. बघून वाहेदलाच गहिवरून आलं. बाजारात शोभावा म्हणून त्यानं घडी घालून, टाचणी लावून, पारदर्शक पिशवीत घातला, आणि सोबत एक टोपीही ठेवली.

उन्हाळ्यात तो दुपट्टा असा काही खपला की वाहेदला जेवायला उसंत मिळेना. शेजारच्या जामोद गावाहून माणसं आली, पार लोणारच्या एका पाहुण्यानं गठ्ठा बांधून नेला. वाहेद गल्लीतून छाती काढून चालू लागला. बिलकिसनंही टोमणे आवरते घेतले. मग स्पर्धा आल्या. वाहेद मैदानावर गेला, चारी बाजूंनी नजर फिरवली, आणि त्याला एकाच्याही खांद्यावर मातकट रंग दिसला नाही. सगळीकडे गुलाबरावच हात जोडून उभे. गेले कुठं एवढे दुपट्टे?

उत्तर रमाकांत सरांच्या मुलीच्या, गार्गीच्या लग्नात मिळालं. मांडवात लाऊडस्पीकरवर वाहेदचं नाव पुकारलं. सरांच्या व्याह्यांनी त्याला बसवलं, टिळा लावला, आणि मानाचा आहेर म्हणून टोपी-दुपट्ट्याची पिशवी हातात दिली. मातकट रंग. कोपऱ्यात ‘पायथा’. घडी तीच, टाचणीसुद्धा वाहेदनं लावलेलीच. शेजारच्या पाहुण्यालाही तोच मिळाला, त्याच्या शेजारच्यालाही. एकानं आपली पिशवी न उघडताच काखेत मारली आणि म्हणाला, “चला, येत्या सोयरिकीत कामी येईन.”

वाहेदच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पिशवीतला टोपी-दुपट्टा आपल्याकडे वापरण्यासाठी नसतोच. तो आहेरात येतो आणि आहेरात जातो. पिशवी कोणी उघडत नाही. त्याचा सगळा माल मांडवामांडवांतून हिंडत होता, आणि ही करणी त्याची स्वतःची होती. टोपी त्यानंच ठेवली होती ना आत!

बिलकिस हे ऐकून इतकी हसली की तिला ठसका लागला. वाहेद रागावला, मग त्यालाही हसू फुटलं, आणि हसता हसताच त्याचा चेहरा रडवेला झाला. तिनं ते पाहिलं आणि पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला.

तोडगाही बायकांच्या व्यवहारातूनच निघाला. लग्नानंतर रमाकांत सरांची बायको शारदाबाई दुकानात आल्या, हातात कोरी साडी. फॉल-पिको झाल्यावरही त्या साडी नेईनात. “बिलकिस, घडी तू मोड. तू नेसली की मंग मी नेसीन.” आपल्या जिवाभावाच्या माणसानं आपला नवा कपडा आधी अंगाला लावावा, ही रीत. बिलकिस ती साडी नेसून दिवसभर गल्लीत मिरवली, संध्याकाळी घडी घालून शारदाबाईंना देऊन आली. वाहेद मशीनवर बसून बघत होता. त्याचा पाय थांबला.

दुसऱ्या दिवशी तो उरलेले दुपट्टे घेऊन सरावाच्या मैदानावर गेला. पिशव्या फाडल्या, टोप्या बाजूला काढल्या. “पोट्टेहो, एकेक जण एकेक दुपट्टा घ्या. सराव होईस्तोवर वापरा. घाम पुसा, मातीत टाका. घडी मोडा याची.” संघाचा सगळ्यात तडाखेबंद चढाईपटू कुलदीप. तो चाटच पडला. “चाचा, नवाकोरा हाय ना हा!”

“म्हनूनच म्हनून राह्यलो.”

घरी आल्यावर बिलकिसनं ते धुतले, दोरीवर वाळवले, आणि वाहेदनं दुकानाबाहेर खुंटीवर नुसते टांगले. ज्याची घडी ज्यानं मोडली त्याचं नाव सांगून द्यायचे. हा कुलदीपचा, हा अकरमचा. वापरलेला कपडा आहेरात देण्याची कोणाची छाती होणार? आता ज्याला खरंच हवा तोच घेणार होता.

आणि घेणारे अर्थातच रोडावले. गुलाबराव स्वतः गाडीतून उतरून आले. “वाहेदभाई, मी नवा देतो तो फुकट, अन् तुमी जुना देता तो इकत! डोकं ठिकान्यावर हाय ना?” सोबतचे लोक खो खो हसले. वाहेदही हसला, पण त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

बिलकिसनं मग तेव्हाच सांगून टाकलं. आवाज चढवला नाही. “सफाचे अब्बा, म्या आजवर कधी अडवलं नाई. पन माहे डोये आता दुखतात. या साली संग्रामपूरच्या फायनलले जा. लोकाईच्या खांद्यावर हा दुपट्टा शेवटपर्यंत टिकला तर पुढं करू. नाई टिकला, तर आपले शाळेचे गनवेश बरे.” वाहेदनं मान हलवली. ती खरं बोलत होती.

संग्रामपूरला फायनलच्या दुपारी मैदान खचाखच भरलं होतं. दारात गुलाबरावांचे टी-शर्ट होतेच. पण त्या टी-शर्टांवरून इथं-तिथं मातकट दुपट्टे दिसत होते. वाहेदला एका जागी उभं राहवेना. सर्वांत पुढे कचरू बसला होता. फुटाणे-शेंगदाणे विकणारा, संघ जाईल तिथं टोपली घेऊन जाणारा, आणि आपली चढाई सुरू झाली की गिऱ्हाईक ओरडत असलं तरी तिकडे ढुंकून न बघणारा. त्याच्या खांद्यावर कुलदीपनं घडी मोडलेला दुपट्टा होता.

सामना शेवटच्या चढाईवर आला. कुलदीप गेला, एकाला शिवला, परत फिरला, आणि मध्यरेषेपासून वीतभर अंतरावर त्याचा घोटा धरला गेला. तो हात लांब करून मातीत पडला. हात पोचला नाही. पायथा एका गुणानं हरला.

मैदान पाच मिनिटांत रिकामं झालं. जिंकल्यावर नाचायला सगळे थांबतात. हरल्यावर प्रत्येकाला एसटी गाठायची असते. धुळीत वाहेदला टाचा उंच करूनही नीट दिसेना. जे दिसलं ते मात्र स्पष्ट दिसलं. कचरूनं खांद्यावरचा दुपट्टा काढला, गोळा केला आणि टोपलीखालच्या पिशवीत कोंबला. पाठ फिरवली आणि चालू पडला. वाहेदला दुसऱ्या कोणाकडे बघायची गरज उरली नाही. कचरूनंच काढला, मग बाकीच्यांचं काय घेऊन बसायचं?

घरी येऊन त्यानं लपवाछपवी केली नाही. “हरलो. अन् लोकाईनं खांद्यावरून काढला.”

बिलकिस एखादा टोमणा मारेल, आणि तो ऐकून आपल्याला बरं वाटेल, अशी त्याला आशा होती. तिनं टोमणा मारला नाही. मातकट दोऱ्याची रिळं उचलून वरच्या फळीवर ठेवली आणि गणवेशाच्या निळ्या कापडाचा तागा पुढ्यात आणून दिला. वाहेद बेतायला बसला. खडूची रेघ दिसेनाशी झाली, कारण सरळच सांगायचं तर तो रडत होता. बिलकिस उगाचच चूल बघायला आत गेली.

आठवडी बाजाराच्या दिवशी दुकानाच्या पायरीवर कोणीतरी टोपली टेकवली. कचरू होता. वाहेदनं मान वर केली नाही.

“वाहेदभाई, रफू करून पायजे.” त्यानं पिशवीतून मातकट दुपट्टा काढला. मधोमध आडवा फाटला होता. “कुलदीपची शेवटची चढाई चालू होती ना, तवा दोन्ही टोकं मुठीत धरून म्या ओढून राह्यलो होतो. तो रेषेकडं, मी इकडं. टर्रकन गेला. तिथंच काढून पिशवीत टाकला, म्हनलं वाऱ्यानं अजून फाटन.”

वाहेदनं आता मान वर केली. मग बोलायचं काहीतरी म्हणून बोलला. “रफू काय करतं कचरूभाऊ. दुसरा नेय ना. पडून हायेत.”

“दुसरा?” कचरू दुखावल्यासारखा झाला. “घरची बाई म्हने, पोतेरं कर याचं. तिच्यासंग भांडून आलो. गुलाबरावच्या टी-शर्टाचे पोतेरे हायेत ना घरात, ढीगभर. हा माहा हाय, वाहेदभाई. हाच शिवून दे.”

वाहेदचं आयुष्य कपड्यात गेलं होतं. हजारो माणसांनी त्याच्याकडून नवं शिवून नेलं होतं, पण माणूस दुरुस्तीला काय आणतो आणि फेकून काय देतो, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. त्यानं दुपट्टा घ्यायला हात पुढे केला, पण तोवर आतल्या दारातून बिलकिसचा हात आला आणि तिनं तो कचरूच्या हातून काढून घेतला.

तिनं फाटलेली जागा उजेडात धरली, कडा बोटांनी चाचपल्या. स्टूल ओढून त्यावर चढली आणि वरच्या फळीवरून मातकट रीळ खाली घेतलं. सुई ओवताना नेहमीसारखे डोळे बारीक केले, आणि नवऱ्याकडे न बघताच बोलली.

“सफाचे अब्बा, पुढच्या साली कापड जरा जाड घ्या.”