गोपिकाचा वाफा

“मावशी, मेरा साग किसने उखाड़ा?”

रुखमाबाईने विळा खाली ठेवला. गोपिका आपल्या वाफ्यापाशी उभी होती. तो वाफा रुखमाबाईने सकाळीच निंदून साफ केला होता.

“साग कोनता वं? तन होतं ते. मीच काढलं.”

गोपिका भांडली नाही. “गाव से लाया था. माँ ने दिया था,” एवढंच म्हणाली आणि खोलीकडे निघून गेली.

रुखमाबाईची पंचवीस वर्षं लोकांच्या शेतात निंदण करण्यात गेली होती. कपाशीतलं, तुरीतलं तण तिच्या बोटांना न पाहता कळायचं. बुटीबोरीत मारोतरावांच्या भाड्याच्या खोल्यांमागे अर्धा एकर जागा गाजरगवताने भरली होती. दोन वर्षांपूर्वी तिनेच ती त्यांच्याकडून मागून घेतली, एकटीने साफ केली आणि खोल्यांतल्या बायकांना एकेक वाफा दिला. कोणी बिहारची, कोणी छत्तीसगडची, गोपिका ओडिशाची. नवरे कारखान्यात गेले की दारं लावून बसणाऱ्या या बायका आता पाण्याच्या पाळीवरून भांडायच्या आणि संध्याकाळी एकमेकींना भेंडी द्यायच्या.

दोन दिवस गोपिका आलीच नाही.

“तिच्याकडं ते भाजी म्हणून खातेत, आजी,” गोपिकाच्या शेजारच्या खोलीतली गोंदियाची मिनल म्हणाली. “पहिल्यांदाच तर उगवलं होतं तिचं.”

त्या दुपारी रुखमाबाईने भाकरी तशीच झाकून ठेवली. तिच्या हाताला आजवर कोणी चूक म्हटलं नव्हतं. ती उठली, बांधावरचा उपटलेल्या तणाचा ढीग उकलू लागली. वरचं सगळं वाळलं होतं. तळाशी मात्र ओल होती आणि गोपिकाच्या सागाच्या काही काड्या हिरव्या होत्या. पेरांना पांढरी मुळं फुटलेली. त्या ओटीत घेऊन ती गोपिकाच्या दारात गेली.

“मले नाही समजलं वं. चुकलंच माझं. हे जित्तं हाये अजून. कसं लावतेत, तूच दाखव मले.”

गोपिकाने ओटीत पाहिलं. मग चप्पल पायात घातली.

रुखमाबाई वाफ्यात गुडघे टेकून बसली. बाकीच्या बायका हातातलं काम थांबवून पाहू लागल्या. “ऐसे नहीं मावशी, गांठ नीचे,” गोपिका सांगत होती. “पानी ज्यादा.”

“बरं,” रुखमाबाई म्हणाली आणि काडी काढून पुन्हा लावली.

महिन्याभरात वाफा भरला. गोपिकाने लसणाची फोडणी दिलेला साग भातावर वाढला, तेव्हा रुखमाबाईने दोनदा मागून घेतला.

पुढे बिलासपूरचं नवं बिऱ्हाड आलं. त्या घरची बाई वाफा मागायला रुखमाबाईकडे आली. सगळ्या तिलाच विचारायच्या.

“मले नको विचारू,” भेंडी तोडता तोडता रुखमाबाई म्हणाली. “नळाच्या बाजूचे सारे वाफे गोपिका पाहते.”

हे असं काही ठरलेलं नव्हतं. पलीकडे आपल्या वाफ्यात वाकलेल्या गोपिकाने मान वर केली. मग तिने हातांचा चिखल धुतला, पदर कमरेला खोचला आणि नव्या बाईला म्हणाली, “आओ.”