यंत्राचे हात

"तुम्हीच ना ते? मशीनचे हात?" फोनवरच्या बाईनं विचारलं आणि लगेच जीभ चावली. "माफ करा हं. आमच्या घरात तुम्हाला असंच म्हणतात. बाबांना तुम्हाला भेटायचंय."

तिचे बाबा म्हणजे एकेकाळचे बुद्धिबळाचे जगज्जेते. त्यानं रिसिव्हर या कानावरून त्या कानावर घेतला. निवृत्त होऊन त्याला बरीच वर्षं झाली होती, पण जगज्जेत्यांबरोबरच्या त्या सामन्यानं त्याची पाठ सोडली नव्हती.

तेव्हा तो एका संगणक कंपनीत तंत्रज्ञ होता. कंपनीनं बुद्धिबळ खेळणारं यंत्र बनवलं आणि थेट जगज्जेत्याशी सामना ठरवला. यंत्र कपाटाएवढं, ते पलीकडच्या खोलीत. पटासमोर बसून पडद्यावर उमटेल ती चाल खेळायला मात्र माणूस हवा होता. "याला बसवा," साहेब म्हणाले, "आभाळ कोसळलं तरी याच्या चेहऱ्यावरची रेष हलायची नाही." सगळे हसले, तोही हसला. त्याचा स्वतःचा खेळ बेताचाच होता. सुट्टीच्या दिवशी सासऱ्यांशी एखादा डाव मांडायचा आणि हरून उठायचं, एवढाच.

शेवटच्या डावात जगज्जेत्यांनी पटावरून मान वर केली ती थेट त्याच्याकडे. दुसरं बघणार तरी कुणाकडे? त्या डोळ्यांत राग नव्हता. घरात कुणीतरी शिरलंय आणि दिसत मात्र नाही, असे ते डोळे होते. 'अहो, मी नाही हो,' असं त्याला सांगावंसं वाटलं. पण बोलायची मनाई होती. त्यानं वजीर सरकवला. जगज्जेत्यांनी राजा आडवा केला आणि हात पुढे केला. तो हात बर्फासारखा गार होता.

त्यानंतर सासऱ्यांनी पट मांडला की त्याचा हात सोंगटीवर अधांतरी थांबायचा. कुणीतरी चाल सांगेल म्हणून वाट बघत राहायचा. "काय जावईबापू, समाधी लागली का?" सासरे विचारत. हळूहळू त्यानं खेळणंच सोडलं.

फोननंतर तो भेटायला गेला, तेव्हा जगज्जेते खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. पायांवर शाल, समोर मांडलेला पट. म्हातारे झाले होते, पण डोळे तेच.

"बसा," ते म्हणाले. "मला झोपेत अजून तो सामना दिसतो. यंत्राला चेहरा नव्हता ना, म्हणून तुमचाच येतो."

"साहेब, माझी खरंच काही..."

"तुमची चूक नाही, ठाऊक आहे मला. म्हणूनच बोलावलं. आज तुमच्या डोक्यानं खेळा. कसंही खेळा. तुम्ही कोण आहात ते एकदा बघू द्या."

त्याचा हात प्याद्यावर थांबला. कुणीच काही सांगत नव्हतं. कपाळावर घाम आला, तेव्हा कुठे त्यानं प्यादं पुढे ढकललं. मग घोडा फुकट घालवला, पाठोपाठ हत्ती. जगज्जेते हसू लागले, हसता हसता त्यांना ठसका लागला. "अहो, इतकं वाईट खेळणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही!" मुलगी पाण्याचा पेला घेऊन धावत आली आणि बाबांना हसताना बघून दारातच थबकली.

मग तो दर आठवड्याला जाऊ लागला. दर वेळी हरायचा. "बाबा आता शांत झोपतात," मुलगी एकदा हळूच म्हणाली. त्याचाही हात मोकळा होत चालला होता.

आणि एका दुपारी त्याला ती चाल दिसली. कुठून दिसली, देव जाणे. वजीर आपणहून मारात द्यायचा. मग जगज्जेत्यांच्या काळ्या राजाला पळायला जागाच उरत नव्हती. त्यानं वजीर नेऊन ठेवला.

जगज्जेते पटाकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मान वर केली तेव्हा तेच जुने डोळे त्याच्यावर खिळले होते. तिथून नजर त्याच्या कानांकडे गेली, कानांवरून भिंतीकडे.

"पलीकडच्या खोलीत कोण आहे?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"कुणी नाही, साहेब."

त्यांची बोटं शालीत रुतली होती. त्यानं पटावर एकदा डोळे भरून बघून घेतलं. असं काही त्याला आयुष्यात सुचलं नव्हतं, आणि पुन्हा सुचणारही नव्हतं.

"अरे देवा!" त्यानं कपाळावर हात मारला. "वजीरच मारात दिला की मी! चष्मा बदलायला झालाय. एवढी एक चाल मागे घेऊ द्याल का?"

ती चाल जगज्जेत्यांना कळली नसेल, असं कसं म्हणावं? त्यांनी वजिराकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"घ्या मागे," शेवटी ते म्हणाले.

त्यानं वजीर उचलून परत ठेवला आणि कडेचं एक प्यादं पुढे सारलं. थोड्याच वेळात त्याच्यावर मात झाली. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग आला होता.

"हरलात?" घरी आल्यावर बायकोनं आतूनच विचारलं.

"हरलो," तो म्हणाला, आणि बूट न काढताच दाराजवळच्या स्टुलावर बसून राहिला.