कर्णिकांचा लांबलेला चातुर्मास

घाटकोपरच्या श्यामसुंदर कर्णिकांनी चातुर्मास धरला, तेव्हा सुहासिनीबाईंनी आधी नवऱ्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं. सासऱ्यांच्या तेराव्यालासुद्धा हळूच तिसऱ्यांच्या कालवणाची चौकशी करणारा हा माणूस!

माहुलच्या खाडीकाठी नुकताच रंगाचा एक कारखाना निघाला होता. कर्णिक तिथे केमिस्ट होते. ओहोटी लागली की कारखान्याचं पाणी खाडीत सोडत. आषाढीच्या तोंडावर एकदा सहज म्हणून कर्णिकांनी तिथल्या तिसऱ्या तपासल्या, तर शिसं निघालं, आणि थोडंथोडकं नव्हे. ते धावत साहेबांकडे गेले.

"कर्णिक, तुम्ही स्वतः खाता का हो?" साहेबांनी शांतपणे विचारलं.

"आता कसला खातोय, साहेब!"

"मग झालं तर."

आणि तेवढ्यावर खरोखरच झालं.

कार्तिकी उलटली तरी कर्णिकांचा चातुर्मास संपेना. "गुरूंची आज्ञा आहे," ते सांगत. एक तारखेला पगार देतो तो गुरू, असा मनाशी अर्थ लावला की ते खोटंही ठरत नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या नलिनीबाई मात्र भारावल्या. एकादशीला त्या कर्णिकांच्या पाया पडून जात आणि हसून म्हणत, "भावोजी, तुमच्या वाटच्या तिसऱ्याही आम्हीच खातो बरं का!"

आज सांगायचंच, असं कर्णिक रोज ठरवत. पण सांगितलं की पुढचा प्रश्न येणार, 'मग इतके दिवस का गप्प बसलात?' आणि त्या 'इतके दिवसां'त रोज एका दिवसाची भर पडत होती.

तिसऱ्या आणणारी मंजुळा माहुलची कोळीण. एका सकाळी ती टोपली पायरीवर ठेवून कर्णिकांच्या दारात उभी राहिली.

"साहेब, तुमचे देवाचा अंगारा द्या. पोरीचे पोटान कळा येतान. हातान जोर नाय. डागदर झाला, भगत झाला."

"खाते काय ती?"

"आमी काय खानार? इकून उरल्या त्या तिसऱ्या."

कर्णिकांनी देवापुढची उदबत्तीची राख कागदात बांधली.

"मंजुळे, एक नेम पाळायचा. पोरीला खाडीतलं काही द्यायचं नाही. तुम्ही कोणीच खायचं नाही. देवाची आज्ञा आहे."

मंजुळेने पुडी डोळ्यांना लावली. मग जरा घुटमळली. "आनि इकायला चालल ना, साहेब? आमचा धंदाच त्यो."

खरं ते जिभेवर आलं होतं. त्याच्या मागोमाग साहेब, नोकरी, नलिनीबाई, सगळेच आले.

"विकण्याबद्दल," कर्णिक म्हणाले, "देव काही बोलला नाही."

"मोठी किरपा. जरा हात लावा, साहेब."

तिच्या डोक्यावर टोपली चढवायला त्यांनी हात लावला. टोपलीतलं पाणी मनगटावरून बाहीत उतरलं.

"पुन्यवानाचा हात लागला," मंजुळा जिन्याकडे वळत म्हणाली. "आता माल झटक्यान खपल बगा!"

वर नलिनीबाईंचं दार उघडल्याचा आवाज आला, तसं कर्णिकांनी आपलं लावून घेतलं.