आधी बांधणारा चालतो

तुम्ही खुर्चीतून उठलासुद्धा नाहीत, डॉक्टरसाहेब. "चालून दाखव," म्हणालात. तो दारापर्यंत गेला, परत आला. "दुखतं का?" "नाही." झालं, पाय बरा! पुढचा माणूस आत. एवढा घोटा चाचपून बघितला असतात तर हात झिजला असता का तुमचा?

ज्याचा तो घोटा, तो परांचीवाला. उभ्या इमारतीभोवती बांबूंचा पिंजरा बांधायचा, त्यावर फळ्या टाकायच्या, हे त्याचं जन्मभराचं काम. त्या कामात एक रीत आहे. परांची नवी बांधली की बांधणारा आधी तिच्यावर एकटा चालतो. बाकीचे खाली माना वर करून उभे. कुठली फळी सैल, कुठली गाठ कच्ची, ते त्याला तळपायातून कळतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन त्याने हात वर केला, की मगच बाकीचे चढतात. त्याने हात वर केला आणि पुढे काही वाईट झालं, असं कधी घडलं नव्हतं.

आणि पाय मुरगळला तो जमिनीवर. खाली उतरला, विटेच्या तुकड्यावर पाऊल पडलं, आत वळलं. "एवढा वर हिंडतोस आणि तळमजल्यावर आपटलास की रे!" सोबतीचे हसले. तोही हसला. संध्याकाळी चप्पल पायात शिरेना.

सूज उतरल्यावर दवाखान्याच्या मागच्या खोलीत, व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे तो जायला लागला. बाई वयाने त्याच्या लेकीएवढ्या, पण आवाज मुकादमाचा.

"काका, दुखऱ्या पायावर उभे राहा. हां. आता डोळे मिटा."

त्याने डोळे मिटले आणि खोलीच कलंडली. बाईंनी कोपर धरलं म्हणून वाचला.

"चक्कर आली जराशी."

"चक्कर कसली? घोट्यातले बंध ताणले गेलेत. पाऊल सरळ आहे की वाकडं, ही खबर तिथूनच वर जाते. ती आता उशिरा पोचतेय. डोळे उघडे असले की डोळे सांभाळून घेतात, म्हणून तुम्हाला वाटतं, झालो बरा."

"मग खबर वेळेवर यायला काय करायचं?"

"रोज असं उभं राहायचं. टाचा उचलायच्या, रबरी पट्टा पावलाने ओढायचा. कंटाळलात तर पुन्हा मुरगळणार. आणि मी सांगेपर्यंत वर चढायचं नाही."

तो घरी ओट्याजवळ एका पायावर उभा राहू लागला. "अगं बाई, बगळा!" बायको म्हणाली. "मासा गावला तर मला सांगा हो." दोघं हसली. मग तो भांड्यांच्या मांडणीवर जाऊन आदळला, आणि तिचं हसू एकदम थांबलं.

मग त्याने जे केलं ते परांचीवालाच करू जाणे. सैल सांधा दिसला की आवळायचा, एवढंच त्याच्या हातांना ठाऊक. त्याने कापडाची पट्टी घेतली आणि घोटा बांबूच्या सांध्यासारखा पीळ देऊन आवळला. दिवसरात्र तसाच ठेवला. पाय ठणठणीत वाटला. व्यायाम सुटले. बाईंनी पट्टी सोडली तेव्हा बोटं गार पडली होती.

"काका, हा काय बांबू आहे? याला हलवून हलवून शिकवायचं, तर तुम्ही याचं तोंडच बांधून टाकलंत! आता पुन्हा पहिल्यापासून."

पण पहिल्यापासून करायला सवड कोण देणार? मुकादमाचा निरोप आला: नवी इमारत, ये नाहीतर दुसरा बघतो. बाईंनी सांगून पाठवलं, अजून नको. मुकादम म्हणाला, "मग त्यांनाच पाठव गाठी मारायला." आणि पाय बरा असल्याचा दाखला आणायला त्याला तुमच्याकडे धाडलं, साहेब. तो खोटं बोलला नाही. दुखत नव्हतंच. दुखतं का, हे तुम्ही विचारलंत. कळतं का, हे विचारलं नाहीत.

परांची बांधून झाली. बांधताना हात खांबाला होता, त्यामुळे निभावलं. आता चालायचं होतं, हात मोकळे सोडून, नजर समोर ठेवून. खाली गिलावा करणारे उभे होते. सगळ्यांत पुढे त्याचा जावई, खांद्यावर घमेलं घेऊन.

"मामा, सावकाश! आम्हाला घाई नाही."

"मला आहे," मुकादम म्हणाला.

तो निघाला. पहिल्या फळ्या गप्प होत्या. मधोमध आल्यावर काहीतरी हललं. अगदी हलकं. तो थांबला. पुन्हा भार दिला. काही नाही. कच्ची गाठ अशीच असते, एकदा बोलते आणि मग गप्प बसते. आणि त्याचा घोटाही हल्ली असाच झाला होता. त्याने तळपायाला विचारलं. तळपाय काही बोलेना.

जावयाने पहिल्या आडव्या बांबूवर पाय ठेवला होता. "मामा, येऊ का?"

"अरे, हात वर कर की!" मुकादम ओरडला.

हात वर होईना. तो फळीवर मटकन बसला, दोन्ही हातांनी खांब धरला.

"जावईबापू, पाय खाली घ्या. आधी खाली घ्या!" मग त्याचा आवाज चढला. "त्या साहेबांना बोलवा."

"कुठल्या साहेबांना?"

"ज्यांनी माझा पाय पास केला त्यांना. इथे काहीतरी हललं. फळी हलली का माझा पाय, मला कळेना झालंय. त्यांना टेबलापलीकडून कळलं होतं ना? मग इथे येऊन खाली उभं राहा म्हणावं, आणि सांगा. माझ्या पोरीचा नवरा वर घेऊ का नको?"

तो खांब सोडत नाहीये, साहेब. सगळे माना वर करून उभे आहेत. बोला.